आधी फडकं, मग आमटी

नाटकात माझ्याकडे आलेली पहिली जबाबदारी आमटीची होती. एकांकिका स्पर्धा, कॉलेजचा संघ, मी बॅकस्टेजला. दुसऱ्या प्रवेशाच्या शेवटी सासरा जेवणाचं ताट भिरकावतो, आमटी सुनेच्या पदरावर आणि जमिनीवर सांडते, अंधार होतो. संहितेत त्यासाठी दोनच शब्द होते : ‘ताट फेकतो.’ मी घरून डबा भरून खरी आमटी नेली. आईने केलेली, चिंच-गुळाची, वर हिंग-हळदीची फोडणी. ताट उडालं, प्रेक्षक दचकले, अंधार झाला आणि पुढच्या बारा सेकंदांत माझं सगळं शहाणपण संपलं. हातात एक फडकं घेऊन मी गुडघ्यांवर बसलो होतो आणि आमटी पुसली न जाता नुसती पसरत होती. दिवे आले तेव्हा मी रंगमंचावरच होतो. सून झालेली मुलगी धावत आली ती परीक्षकांच्या दिशेने घसरतच. टेबलाचा कोपरा हाताला लागला म्हणून वाचली. तिची साडी भाड्याची होती. डाग निघाला नाही, अनामत गेली. आमच्यानंतरच्या संघाला अख्खा प्रयोग हिंगाच्या वासात करावा लागला. त्यांचं नाटक हॉस्पिटलमध्ये घडत होतं.

त्या नाट्यगृहात रंगमंचाची व्यवस्था बघणारे एक काका होते. सगळं आवरून झाल्यावर त्यांनी विचारलं, “फडकी किती आणली होतीस?”

“एक.”

“मग आमटीपण एका फडक्यापुरतीच आणायचीस.”

या प्रकरणातल्या सगळ्या युक्त्या त्या उत्तरातून निघाल्या आहेत. रंगमंचावर अन्न सांडायचं, फेकायचं, तोंडाला फासायचं किंवा ओकायचं असेल, तर विचार शेवटाकडून सुरू करावा लागतो. अंधार किती सेकंदांचा? पुसणार कोण? पुढच्या प्रवेशात त्या जागेवरून कोण चालणार, आणि अनवाणी की चपला घालून? तेच कपडे घालून तोच नट उद्या दुसऱ्या गावी उभा राहणार आहे का? एवढी उत्तरं मिळाली की पदार्थ कशाचा करायचा हे जवळजवळ आपोआप ठरतं.

सिनेमावाल्यांना ही विवंचना नसते. तोंडावर ‘पाय’ (म्हणजे सारण भरलेला तो बेकरीतला गोल पदार्थ) फेकण्याचा विनोद पडद्यावर १९०९ सालीच आला होता. ‘मिस्टर फ्लिप’ नावाच्या लहानशा मूकपटात बेन टर्पिनने तो खाल्ला. हा विनोद गाजवला मात्र मॅक सेनेटच्या कीस्टोन कंपनीने. १९१३च्या ‘अ नॉइज फ्रॉम द डीप’मध्ये मेबल नॉर्मंडने फॅटी आर्बकलला पाय फेकून मारला आणि पुढची काही वर्षं अमेरिकन विनोदी चित्रपटांत बेकरीचा माल उडतच राहिला. लॉरेल-हार्डीच्या १९२७च्या ‘द बॅटल ऑफ द सेंच्युरी’साठी तीन हजारांच्या आसपास पाय वापरल्याचं सांगतात. बस्टर कीटनने तर पाय बनवण्याचं आपलं तंत्रच सांगून ठेवलं आहे. हातात मोडू नये म्हणून तळाला एकावर एक दोन पाऱ्या, आतलं सारण हवेत विखरू नये म्हणून पीठ-पाण्याची चिकट खळ, आणि ज्याच्या तोंडावर मारायचा त्याच्या रंगाच्या उलट रंगाचा थर : गोऱ्या-सोनेरी माणसाला काळसर, काळ्या केसांच्या माणसाला पांढरा. चवीबद्दल त्यात काही नाही. १९६५च्या ‘द ग्रेट रेस’मध्ये खरे पाय आणि खरं क्रीम वापरलं, चित्रीकरण दिवसेंदिवस चाललं, मध्ये सुट्टी आली, आणि परतलेल्या लोकांचं स्वागत आंबलेल्या क्रीमच्या दुर्गंधीने केलं.

तरी सिनेमात एकदा ‘कट’ म्हटलं की बादल्या येतात, नट आंघोळ करून येतो, दुपारी पुढचा शॉट. नाटकात सगळं चालू असताना निस्तरायचं असतं. आणि पुन्हा शनिवारी दोन प्रयोग.

खरं अन्न, खरा पसारा हा हट्ट नाटकातही होऊन गेला आहे. पॅरिसमध्ये आंद्रे आंत्वानने १८८८ साली आपल्या तेआत्र लिब्रमध्ये खाटिकखान्यावरच्या नाटकासाठी खरं मांस टांगलं होतं. न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड बेलास्कोने १९१२ साली ‘द गव्हर्नर्स लेडी’ या नाटकाच्या शेवटच्या प्रवेशासाठी त्या काळच्या चाइल्ड्स रेस्टॉरंटची हुबेहूब नक्कल रंगमंचावर उभी केली आणि तिथे खरे पॅनकेक भाजले. माणसं हे बघायला आली, बोलली, लिहिलं. पण खरं मांस शेवटच्या रांगेतून खरं दिसतं का? माझं मत विचाराल तर मेणाचं जास्त बरं दिसतं. आंत्वानने जे मिळवलं ते वासातून मिळवलं असणार.

का ते सांगतो. साधारण चांगल्या नजरेला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढं अंतर वेगळं ओळखता येतं. वीस मीटरवरच्या खुर्चीतून याचा हिशेब जवळपास सहा मिलिमीटरचा होतो. म्हणजे मोहरी गेली, जिरं गेलं, बारीक चिरलेली कोथिंबीर गेली. आईची फोडणी फक्त पहिल्या चार रांगांसाठी होती. बाकीच्यांना पिवळं पाणी दिसलं. रंगमंचावरच्या आमटीत डाळीचा कण बोराएवढा लागतो आणि कढीपत्त्याचं पान बोटाच्या दोन पेरांएवढं. मी ती पानं हिरव्या रेक्झिनची कापतो. क्रेप कागदाची कापली तर पाण्यात रंग सोडतात.

दुसरी भानगड उजेडाची. दिव्यापुढे लावायच्या रंगीत पारदर्शक पत्र्याला नाटकवाले ‘जिलेटिन’ म्हणतात. एके काळी तो खरोखरच जिलेटिनचा असे, आता प्लास्टिकचा असतो, नाव राहिलं. संध्याकाळच्या प्रवेशाला अंबर जिलेटिन लावलं की पिवळी आमटी फिकी पडते, पेज वाटते. रात्रीच्या प्रवेशाला निळं लावलं की लाल रस्सा काळा दिसतो, डांबरासारखा. निळ्या उजेडात लाल रंगाला परत पाठवायला काही उरतच नाही. म्हणून पदार्थाचा रंग स्वयंपाकघरात न ठरवता प्रकाशयोजनाकाराला गाठून, दिवे लावून ठरवायचा. अंबरमध्ये आमटी दिसायला हवी तर हातातली आमटी चक्क केशरी-तपकिरी करावी लागते. समोरून पडणाऱ्या उजेडात सांडणारा द्रव दिसतही नाही. विंगेतून आडवा किंवा मागून एखादा दिवा असेल तर धार चमकते, थेंब उठून दिसतात. ओलेपणा म्हणून आपल्याला जे कळतं, ते बहुतेक वेळा ती चमकच असते.

आता आमटीची कृती. कॉर्नफ्लोर थंड पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत राहायचं. साठ-पासष्ट अंशांच्या पुढे पिठाचे कण पाणी पिऊन फुगतात आणि एकदम दाट, जराशी पारदर्शक खळ तयार होते. त्यात खाण्याचा पिवळा रंग, किंचित केशरी. हळद नको. हळदीचा डाग आणि साबण यांचं नातं मराठी घरात कुणाला सांगायला नको : साबण लागला की पिवळा डाग लाल होतो, कारण हळदीतलं कर्क्युमिन अल्कली भेटली की रंग बदलतं. उन्हात वाळत घातलं की तो डाग विरतो, हे खरं. पण दौऱ्यावरच्या बसमध्ये ऊन कुठलं? खाण्याचे रंग पाण्यात विरघळणारे असतात, लगेच धुतले तर बहुतेक निघतात. पदार्थ नटाच्या तोंडात जाणारच नसेल तर वाटीभर खळीत चमचाभर भांडी घासायचं लिक्विड घालावं. डाग कपड्यावर पडतानाच स्वतःचा साबण घेऊन पडतो. नाटकातलं रक्तही याच युक्तीने करतात. फक्त साबण म्हणजे घसरण, हे विसरू नये. जमिनीवर सांडायच्या आमटीत तो घालायचा नाही, कपड्यावर सांडायच्या आमटीत घालायचा. आमच्या त्या ताटात खरं तर दोन आमट्या हव्या होत्या.

कॉर्नफ्लोरची खळ रात्रभर ठेवली की दही फुटावं तसं पाणी सोडते. ती प्रयोगाच्या दिवशीच करावी लागते. ताट उपडं केलं तरी पदार्थ आकार धरून खाली यावा असं हवं असेल, उदाहरणार्थ पुडिंग किंवा शिरा, तर जिलेटिन घेऊ नका. ते पस्तीस अंशांच्या आसपास वितळतं. आपल्याकडे मे महिन्यात चंद्रपूरला प्रयोग असेल तर पडदा वर जायच्या आत त्याचं सरबत होईल. वर ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनतं, त्यामुळे शाकाहारी नट तोंडाला लावणार नाहीत. वाण्याकडे मिळणारं चायना ग्रास घ्यावं. समुद्रशैवालाचं हे अगर गार होताना चाळीस अंशांच्या आतबाहेर घट्ट होतं, पण एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळायला ऐंशीच्या वर जावं लागतं. दिव्याखाली तासभर राहिलं तरी हलत नाही. घट्ट असल्यामुळे ते पुसायचंही नसतं, उचलायचं असतं. फडकं वाचलं.

पडण्याचा आवाज हे वेगळंच प्रकरण. पातळ पदार्थ पडला की ‘चळक’ होतं आणि ते मागे ऐकू जात नाही. ‘थप्प’ असं ऐकू यावं म्हणून मी पातेल्यात खळीबरोबर एक ओला पंचा ठेवतो, त्याच रंगात बुडवलेला. फेकताना तो गोळा होऊन पडतो, आवाज देतो, आजूबाजूचं द्रव शोषून घेतो आणि अंधारात एका हाताने उचलला की अर्धी जमीन कोरडी होते. काकांच्या वाक्याचा हा शब्दशः अर्थ : आमटीतच फडकं.

मिसळीच्या तर्रीने मला सगळ्यात जास्त छळलं. प्रसंग साधा होता. खानावळीत भांडण, एकजण दुसऱ्याच्या अंगावर मिसळ ओततो. तर्री तर हवी, ती नसेल तर मिसळ कसली. खरं तेल रंगमंचावर आणायचं नाही हे शिकलो होतो. तेल पाण्याने पुसलं जात नाही आणि त्यावरून नट घसरला की नाटकाबरोबर त्याची कंबरही जाते. म्हणून ग्लिसरिन लाल रंगवून वर ओतलं. ते सरळ तळाशी गेलं. ग्लिसरिन पाण्यापेक्षा सव्वापट जड असतं, हे बारावीत शिकलेलं त्या क्षणी आठवलं. मग म्हटलं, औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन घेऊ, ते तरंगेल. तरंगलं, पण खाण्याचा रंग त्यात मिसळेना. पाण्यात विरघळणारा रंग तेलात उतरत नाही, बारीक थेंब होऊन तळाला बसतो. एका गृहिणीने रतनजोतीचं नाव सांगितलं. काश्मिरी रस्स्याला लाली आणणारी ही मुळी कोमट तेलात टाकली की तेल गर्द लाल होतं. रंग अप्रतिम आला. पण पुन्हा तेलच ते.

उत्तर तिसऱ्या दिवशी मिळालं आणि ते खाण्याच्या दुकानातलं नव्हतं. जाड पारदर्शक प्लास्टिकची शीट, वाटीच्या मापाची गोल चकती, त्यावर काचेवर लावायच्या लाल रंगाचे वेडेवाकडे ठिपके आणि कडेला नारिंगी झाक. ही चकती खळीवर ठेवली की दहाव्या रांगेतून तर्री. ओतताना ती उलटून पोटावर चिकटते आणि तिथेच राहते. पुढच्या प्रवेशात नट ती दोन बोटांनी सोलून खिशात घालतो. प्रेक्षकांत बसलेला माझा एक कोल्हापूरकर मित्र प्रयोगानंतर म्हणाला की तर्री कमी होती.

ओकारी हा या कलेतला अवघड पेपर. यास्मिना रेझा या फ्रेंच नाटककर्तीच्या ‘गॉड ऑफ कार्नेज’मध्ये तो मध्यभागी आहे. २००६च्या अखेरीस झुरिकमध्ये हे नाटक पहिल्यांदा झालं, २००९ साली ब्रॉडवेवर त्याला सर्वोत्कृष्ट नाटकाचं टोनी मिळालं. दोन जोडपी सभ्यपणे आपल्या मुलांच्या मारामारीबद्दल बोलायला बसतात, फळांचा केक खातात, आणि बोलता बोलता पाहुणी बाई समोरच्या टेबलावरच्या चित्रकलेच्या पुस्तकांवर ओकते. कोकोश्काच्या चित्रांचा जुना, आता न मिळणारा कॅटलॉगही त्यात भिजतो. मला या प्रवेशाचं कौतुक ओकारीपेक्षा तिच्या नंतरच्या दहा मिनिटांसाठी आहे. यजमान स्पंज आणतात, पाणी आणतात, पुस्तकांवर अत्तर मारतात, हेअर ड्रायरने पानं सुकवतात. आणि या पुसापुशीतच चौघांचे मुखवटे गळायला लागतात. रेझाने फडकं संहितेतच लिहून टाकलं. बॅकस्टेजवाल्याचा आशीर्वाद मिळवण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

ओकायचं कसं? थोडंसं दाखवायचं असेल तर चहाच्या कपातून तोंडात घेऊन ठेवायचं. दोन मोठे चमचे, त्याहून जास्त नाही. जास्त घेतलं तर गाल फुगतात, संवाद बोलता येत नाही आणि समोरच्याला हसू येतं. भरपूर हवं असेल तर सिरिंज. औषधाच्या दुकानात पन्नास मिलीची बिनसुईची सिरिंज मिळते, तिला सलाइनची नळी जोडायची, नळी बाहीतून तळहातापर्यंत आणून मनगटाला कातडीच्या रंगाच्या पट्टीने बांधायची. बाई मळमळतंय म्हणून तोंडावर हात नेते, शरीर प्रेक्षकांकडे तिरकं वळवते, दुसरा हात पोट धरल्यासारखा पदराखाली जातो आणि दट्ट्या दाबतो. धार बोटांच्या फटींतून येते. नळी रुंद तोंडाची हवी, नाहीतर गाजराचा एक तुकडा अडकतो आणि ऐन वेळी पिचकारी उडते. एकदा तर थेट विंगेत उभ्या दिग्दर्शकावर उडाली होती.

मिश्रण खाण्याजोगंच हवं, कारण ते ओठांना लागतंच. बिस्किटांचा पाण्यात कालवलेला लगदा, उकडून दाबलेलं गाजर, चार दाणे भिजलेला साबुदाणा आणि तार यावी म्हणून इसबगोल. इसबगोलाला शिजवावं लागत नाही. तो गार पाण्यात फुगतो आणि लाळेसारखा सुळसुळीत होतो. तो पूर्ण भिजलेलाच वापरायचा, कोरडा घशात गेला तर तिथेच फुगतो. ‘द एक्झॉर्सिस्ट’ या १९७३च्या चित्रपटातली ती प्रसिद्ध हिरवी ओकारी वाटाण्याच्या सूपची होती. तीही वाईट नाही, पण वाटाण्याचा वास रेंगाळतो. आणि वास तर आपल्याला द्यायचाच नाही. तो प्रेक्षक स्वतः भरतो. बिस्किटाच्या लगद्याला व्हॅनिलाचा वास येत असताना पहिल्या रांगेतल्या माणसांना पाय आखडून घेताना मी पाहिलं आहे. त्याचं श्रेय मिश्रणाला कमी आणि बाजूला उभ्या असलेल्या नटाला जास्त : तो किळसला की सगळं सभागृह किळसतं.

तोंडाला फासायच्या पांढऱ्या फेसाबद्दल एक इशारा. सगळे आधी डब्यातल्या दाढीच्या फोमकडे धावतात. तो डोळ्यांना झोंबतो, तोंडात गेला तर चव दिवसभर जात नाही, आणि दिव्याखाली बसून जातो. इंग्लंडमधल्या नाताळच्या पँटोमाइममध्ये स्वयंपाकघरात किंवा घर रंगवताना एकमेकांना माखण्याचा प्रवेश ठरलेला असतो, त्याला तिथे ‘स्लॉश’ म्हणतात. ते लोक दाढीच्या साबणाची कांडी किसून, कोमट पाण्यात घालून यंत्राने फेटतात. हा फेस दाट राहतो, रंग घेतो आणि धुताना स्वतःच साबण असतो. म्हणजे पुन्हा फडक्याचाच विचार. चेहऱ्यासाठी मात्र मी काबुली चण्याचं पाणी वापरतो. छोले उकडून उरलेलं दाट पाणी गार करून आठ-दहा मिनिटं फेटलं की अंड्याच्या पांढऱ्यासारखा घट्ट फेस येतो. डोळ्यांत गेला तरी साबणासारखा झोंबत नाही, गिळला तरी चालतो, आणि ना अंडं ना दूध. हा शोध २०१४ साली जोएल रोएसेल या फ्रेंच माणसाने लावला, आणि तो पेशाने ऑपेरात गाणारा आहे. घसा सांभाळणाऱ्या माणसालाच तो सुचावा, हे मला फार आवडतं.

खाण्याचं थोडक्यात. नटाला संवाद म्हणत खायचं असतं, म्हणून चुरा होणारं काही नको, कोरडं नको, चिकट नको. केळ्यासारखं सोयीचं काही नाही : चावावं लागत नाही, पटकन उतरतं. बेकेटच्या ‘क्रॅप्स लास्ट टेप’मधला म्हातारा केळं खातो, साल टाकतो आणि तिच्यावरूनच घसरतो, तो पसारा लेखकाने एका सालीत आटपला. आइस्क्रीम म्हणजे कुस्करलेला बटाटा, व्हिस्की म्हणजे कोरा चहा. आणि नटाला आज उपास आहे का, त्याला दाण्याची ॲलर्जी आहे का, हे तालमीच्या पहिल्या दिवशी विचारावं, तिसऱ्या घंटेनंतर नाही.

एका गोष्टीबाबत मी विनोद करत नाही. पीठ. स्वयंपाकघरातल्या दंग्यात पीठ उधळायला सगळ्यांना आवडतं, ढग छान दिसतो. हवेत पसरलेलं पीठ पेट घेतं. तैवानमध्ये २७ जून २०१५ रोजी एका मनोरंजन उद्यानातल्या कार्यक्रमात उधळलेल्या रंगीत कॉर्नस्टार्चच्या ढगाने पेट घेतला. १५ जण दगावले, जवळपास पाचशे भाजले. आपल्या नाटकांत देवघर असतं, देवघरात निरांजन असतं, आणि तापलेला दिवा तर डोक्यावरच असतो. पीठ मुठीतून खाली पडू द्या, उधळू नका. ढग हवाच असेल तर खाण्याचा सोडा वापरा. तो पेटत नाही, आग विझवायच्या कोरड्या पावडरींतही तोच असतो. डोळ्यांत थोडा चुरचुरतो, एवढंच.

पसारा आधीपासून पडलेलाच दाखवायचा असेल तर ओलं काहीच लागत नाही. पंगत उठून गेलेली, उष्टी ताटं, वरणाचे ओघळ. पांढऱ्या गोंदात रंग कालवून प्लास्टिकवर ओतायचा, दोन दिवस सुकू द्यायचा, सोलून ताटाला चिकटवायचा. तांदूळ खरेच, वॉर्निश मारलेले. असली बारा ताटं माझ्याकडे आठ वर्षं पेटीत आहेत, अजून एकालाही मुंगी लागलेली नाही. जपानमध्ये हॉटेलांच्या काचेत ठेवायचे नकली पदार्थ करण्याचा उद्योग १९३२ साली ओसाकात इवासाकी ताकिझोने उभा केला. त्याच्या वारसदारांपुढे माझी ताटं म्हणजे बालवाडी. पण त्यांचे पदार्थ जवळून बघायचे असतात, माझे वीस मीटरवरून.

जमीन मात्र खरीच असते. फेकण्याच्या जागी एक जाजम टाका आणि त्याच्या उलट्या बाजूला प्लास्टिक शिवून घ्या. सगळा पसारा त्याच्यावर पडेल अशी बैठक दिग्दर्शकाकडून मागून घ्या. अंधारात दोघांनी चार कोपरे धरायचे आणि जाजम पसाऱ्यासकट विंगेत. सराव केला तर सहा सेकंद लागतात. माइकच्या वायरी त्या बाजूने नेऊ नका. आणि हा सराव रंगीत तालमीत ओल्या पदार्थासकट करा. कोरड्या तालमीत सगळ्यांना सगळं जमतं.

काहीच न सांडता पसाऱ्याचा आभास करणारेही आहेत. गोल्दोनीचं अठराव्या शतकातलं ‘दोन धन्यांचा नोकर’ हे नाटक मिलानच्या पिक्कोलो तेआत्रोत जॉर्जो स्ट्रेलरने १९४७ साली बसवलं. फेरुच्चो सोलेरी त्यात त्या नोकराची, अर्लेकिनोची, भूमिका पन्नासहून अधिक वर्षं करत होता. भुकेलेला नोकर दोन खोल्यांत दोन धन्यांना एकाच वेळी जेवण वाढतो, बशा हवेतून जातात. आणि एका ठिकाणी तो भुकेने एक माशी पकडून खातो. हातात काहीही नसतं. तिचे पंख उपटताना बघणाऱ्यांचे चेहरे आंबट होतात. याच नाटकावर बेतलेलं ‘वन मॅन, टू गव्हनर्स’ लंडनच्या नॅशनल थिएटरने २०११ साली आणलं, तेव्हा त्याच जेवणाच्या प्रवेशात सूप, गडगडणारा म्हातारा वाढपी आणि प्रेक्षकांतून बोलावलेल्या बाईवर आग विझवायच्या फेसाचा मारा, असा सगळा थाट होता. ती बाई नाटक मंडळींपैकीच असे. तिचे कपडे धुवायची व्यवस्था आधीच केलेली होती, हे उघड आहे.

खरं दही, खरा पसारा आणि पुसायची अजिबात चिंता नाही, असं नाटक मी एकच पाहिलं आहे, आणि ते आपल्याच कोकणातलं. दक्षिण कोकणात आणि गोव्यात देवळाच्या जत्रेला दशावतार रात्रभर चालतो. नेपथ्य म्हणाल तर एक बाकडं. या नाटकालाच तिकडे दहीकाला म्हणतात, मालवणीत धयकालो. परंपरेने शेवट तसाच होतो : उजाडायला आलं की दह्याची हंडी फोडतात. दही नटांच्या अंगावर, मुकुटावर, जमिनीवर सांडतं. अंधार करायचा नसतो, पुढचा प्रवेश लावायचा नसतो. उरलेला काला जमलेल्या माणसांना प्रसाद म्हणून वाटतात आणि मंडळी पेटारे बांधून पुढच्या गावच्या जत्रेला निघतात.